टॉम्को, हिंदुस्थान लिव्हर आणि वीस वर्षांची पोकळी

महाराष्ट्रात दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला उटण्याच्या जोडीने मोती साबण लागतो. हा साबण मूळचा टाटांचा. हमाम, ५०१ बार आणि मोती ही टाटा ऑइल मिल्स कंपनीची, म्हणजे ‘टॉम्को’ची उत्पादने. १९९३-९४ मध्ये ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. लक्स, लाइफबॉय, सनलाइट, रिन आणि सर्फ आधीच हिंदुस्थान लिव्हरकडे होते. आता टाटांचे साबणही त्याच घरात आले. किराणा दुकानातल्या फळीवर काहीच बदलले नाही. पण त्या फळीवर एकमेकांशी झुंजणारे दोन जुने प्रतिस्पर्धी आता एकाच मालकाचे झाले होते.

हे विलीनीकरण कोणाच्या नजरेतून सुटले असे नाही. दोन्ही कंपन्यांच्या भागधारकांनी त्यावर मतदान केले, कामगार संघटनांनी विरोध केला, मुंबई उच्च न्यायालयाने ते तपासले आणि अखेर सर्वोच्च न्यायालयानेही तपासले. तरीही साबण विकत घेणाऱ्याला यापुढे किती पर्याय उरतील आणि किमतीवर कोणाचा धाक राहील, हे आधी तपासणे त्या वेळी कायद्याने कोणावरच बंधनकारक नव्हते. हा प्रश्न विचारणारी यंत्रणा भारतात पूर्वी होती, ती काढून टाकली गेली आणि तिची जागा भरायला जवळजवळ वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांची ही हकिगत आहे.

दिल्लीच्या परवानगीचा काळ

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत आर्थिक सत्ता मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटते आहे, ही चिंता वाढत गेली. १९६४ मध्ये सरकारने न्यायमूर्ती के. सी. दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली मक्तेदारी चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १९६५ मध्ये आला. त्यातून १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा तयार झाला आणि १ जून १९७० पासून तो लागू झाला. उद्योगजगतात तो ‘एमआरटीपी’ या आद्याक्षरांनीच ओळखला जाई.

या कायद्याच्या तिसऱ्या प्रकरणातले २३ वे कलम विलीनीकरणाविषयी होते. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या उद्योगसमूहांना दुसरी कंपनी ताब्यात घ्यायची किंवा सामावून घ्यायची असेल, तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागे. सुरुवातीला ही मर्यादा २० कोटी रुपयांच्या मालमत्तेची होती. १९८५ मध्ये ती १०० कोटींवर नेण्यात आली. सरकारला वाटले तर प्रकरण एमआरटीपी आयोगाकडे चौकशीला पाठवता येई, पण अंतिम निर्णय सरकारचाच असे.

या व्यवस्थेचा दोष तिच्या मोजमापातच होता. कंपनी किती मोठी आहे हे ती पाही. बाजारात स्पर्धा किती उरेल हे क्वचितच पाही. त्याच प्रकरणातली २१ आणि २२ ही कलमे कारखान्याचा विस्तार आणि नवा उद्योग यांनाही परवानगीच्या चौकटीत बसवत होती. त्यामुळे नव्याने बाजारात उतरून जुन्या मक्तेदाराला आव्हान देऊ पाहणारा मोठा उद्योगही त्याच अडथळ्यापाशी अडे. स्पर्धा वाढवणारे पाऊल आणि स्पर्धा संपवणारे पाऊल यांत हा कायदा पुरेसा फरक करत नव्हता. लोकांचा त्यावर राग साचला तो याच कारणाने.

एकोणीसशे एक्क्याण्णव

२४ जुलै १९९१ रोजी नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले. परवान्यांचे जाळे तोडायचे, हा त्याचा मुख्य सूर होता. त्याला धरून २७ सप्टेंबर १९९१ रोजी अध्यादेश निघाला आणि एमआरटीपी कायद्यातून पूर्वपरवानगीची तरतूद गेली. विस्तारावरचे आणि नव्या उद्योगावरचे बंधन गेले ते योग्यच झाले. पण त्यांच्याबरोबर २३ वे कलमही गेले, आणि त्या जागी काहीच आले नाही.

जगात त्या वेळी वारे उलट दिशेने वाहत होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. मुक्त बाजाराचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता असलेल्या अमेरिकेने १९७६ मध्ये हार्ट-स्कॉट-रोडिनो कायदा करून मोठ्या विलीनीकरणांची पूर्वसूचना सक्तीची केली होती. युरोपीय समुदायाचा विलीनीकरण नियम सप्टेंबर १९९० मध्ये लागू झाला होता. म्हणजे युरोपने तपासणी सुरू केली आणि जेमतेम वर्षभरात आपण ती बंद केली. बाजार खुला करायचा तर त्याची राखण अधिक लागते, हे बाजारव्यवस्थेत मुरलेल्या देशांना अनुभवाने कळले होते. परवाना राजच्या जाचातून सुटण्याच्या घाईत आपण राखण आणि अडवणूक यांत भेद केला नाही.

टॉम्कोचा खटला

टॉम्कोची स्थापना १९१७ ची. कोचीनजवळच्या तिच्या कारखान्याच्या परिसराला टाटापुरम् असेच नाव पडले. खोबरेल आणि खाद्यतेलापासून सुरू झालेली ही कंपनी पुढे साबणात उतरली आणि ब्रिटिश लिव्हर ब्रदर्सशी तिची टक्कर सुरू झाली. १९५२ मध्ये लॅक्मे ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनीही टॉम्कोचीच उपकंपनी म्हणून जन्माला आली. हिंदुस्थान लिव्हर १९५६ मध्ये युनिलिव्हरच्या तीन भारतीय कंपन्या एकत्र करून उभी राहिली. दोन्ही कंपन्यांचा कारभार मुंबईतून चाले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टॉम्को तोट्यात होती. टाटा समूहाची धुरा नव्याने हाती घेतलेल्या रतन टाटांच्या कारकिर्दीत समूहाने ज्या धंद्यांतून पाय काढला, त्यांतला हा पहिल्या काहींपैकी एक. टॉम्कोच्या १५ समभागांमागे हिंदुस्थान लिव्हरचे २ समभाग, असे प्रमाण ठरले. भागधारकांनी प्रचंड बहुमताने ते मान्य केले. मूळ कंपनी युनिलिव्हरचा ५१ टक्के हिस्सा विलीनीकरणानंतर घसरू नये म्हणून तिला बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीला नवे समभाग देण्याचीही त्यात तरतूद होती.

विरोध अनेक बाजूंनी झाला. समभागांचे प्रमाण अन्यायकारक आहे, असे काही भागधारकांचे म्हणणे होते. विलीनीकरणानंतर आपल्या नोकऱ्यांचे आणि सेवाशर्तींचे काय होईल, ही कामगारांना काळजी होती. युनिलिव्हरला स्वस्तात मिळणाऱ्या समभागांवर आक्षेप होता. आणि बाजाराचा मोठा हिस्सा एकाच कंपनीच्या हाती जाईल, हा मुद्दाही पुढे आला.

न्यायालयापुढे कायदा होता तो १९५६ चा कंपनी कायदा. त्याच्या ३९४ व्या कलमाखाली न्यायालय काय पाहते? सभा रीतसर झाल्या का, भागधारकांना पुरेशी माहिती मिळाली का, मूल्यांकन सचोटीने झाले का, योजना उघडउघड अन्यायाची किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का. मुंबई उच्च न्यायालयाने योजनेला मंजुरी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश एम. एन. वेंकटचलय्या, न्या. आर. एम. सहाय आणि न्या. एस. सी. सेन यांच्या पीठाने २४ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हिंदुस्थान लिव्हर एम्प्लॉईज युनियन विरुद्ध हिंदुस्थान लिव्हर’ या खटल्यात विलीनीकरण कायम केले.

भारतीय कंपनी कायद्यात हा निकाल आजही पायाभूत मानला जातो. भागधारकांच्या व्यावसायिक निर्णयावर न्यायालयाने अपिलात बसल्यासारखे बसू नये, हे त्यातले सूत्र पुढे असंख्य निकालांत आले. स्पर्धेच्या मुद्द्यावर न्यायालयाचे उत्तर सरळ होते. विलीनीकरणामुळे कंपनीकडे बाजाराचा मोठा हिस्सा आला तरी तेवढ्याने ते बेकायदा ठरत नाही. आणि पूर्वपरवानगीची अट तर संसदेनेच काढून टाकली आहे.

न्यायालयाचे काही चुकले, असे म्हणता येत नाही. हाती असलेल्या कायद्याच्या चौकटीत हेच उत्तर निघणार होते. भागधारकांनी आपल्या गुंतवणुकीचा विचार केला, कामगारांनी नोकरीचा, न्यायाधीशांनी कायद्याचा. ग्राहकाचा विचार ज्याचे काम म्हणून करायचा, ती खुर्चीच रिकामी होती.

रिकाम्या खुर्चीची वर्षे

त्या काळात एकामागून एक सौदे होत गेले. १९९३ मध्ये कोका-कोलाने पार्लेच्या रमेश चौहानांकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा ही पेये विकत घेतली. देशी शीतपेयांचा सर्वांत मोठा खेळाडू एका सौद्यात परदेशी प्रतिस्पर्ध्याकडे गेला. हिंदुस्थान लिव्हरही थांबली नाही. १९९६ मध्ये ब्रुक बाँड लिप्टन तिच्यात विलीन झाली, १९९८ मध्ये पाँड्स आली. टॉम्कोच्या पोटी जन्मलेली लॅक्मेही आधी भागीदारीतून आणि मग पूर्णपणे तिच्याकडे गेली.

सिमेंटमध्ये तर सारा नकाशाच बदलला. १९९९ मध्ये टाटांच्या टिस्कोने आपला सिमेंट विभाग फ्रान्सच्या लाफार्जला विकला. एसीसीमधला टाटांचा हिस्सा गुजरात अंबुजाकडे गेला. लार्सन अँड टुब्रोचा सिमेंट व्यवसाय आदित्य बिर्ला समूहाकडे आला आणि त्यातून अल्ट्राटेक उभी राहिली. पुढे स्वित्झर्लंडच्या होल्सिमने एसीसी आणि अंबुजा या दोन्ही कंपन्यांवर ताबा मिळवला. एकेकाळचे दोन मोठे प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले.

यांतला प्रत्येक सौदा वाईट होता, असा माझा दावा नाही. काहींतून नवे भांडवल आले, नवे तंत्र आले, आजारी कारखाने वाचले. तपासणी असती तर यांतले बहुतेक सौदे मंजूरच झाले असते. पण कोणता सौदा निरुपद्रवी आणि कोणता घातक हे ठरवायला आधी पाहावे लागते, आणि पाहणारे कोणी नव्हते. एमआरटीपी आयोग अस्तित्वात होता, त्याला मागाहून चौकशीही करता येई. परंतु विलीनीकरणाच्या बाबतीत मागाहून केलेल्या चौकशीला फारसा अर्थ उरत नाही. कारखाने, कामगार, विक्रेत्यांचे जाळे, नाममुद्रा आणि हिशेब एक झाल्यावर ते वेगळे काढणे म्हणजे वरणात विरघळलेले मीठ वेचण्यासारखे आहे. म्हणूनच जगभर ही तपासणी सौदा पक्का होण्याआधी होते.

राघवन समितीपासून २०११ पर्यंत

ऑक्टोबर १९९९ मध्ये सरकारने एस. व्ही. एस. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे २००० च्या अहवालात तिने एमआरटीपी कायदा रद्द करून नवा स्पर्धा कायदा आणण्याची शिफारस केली. आकार हा गुन्हा नव्हे, आकाराचा गैरवापर आणि स्पर्धेची हानी हा गुन्हा, ही नव्या कायद्यामागची भूमिका होती. डिसेंबर २००२ मध्ये संसदेने स्पर्धा कायदा मंजूर केला आणि जानेवारी २००३ मध्ये त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली.

मूळ कायद्यात विलीनीकरणाची सूचना देणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले होते. त्यातच आयोगाच्या अध्यक्षपदी नोकरशहा असावा की न्यायाधीश, यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या ब्रह्म दत्त खटल्याचा निकाल जानेवारी २००५ मध्ये लागला. सरकारने कायदा दुरुस्त करण्याची तयारी दाखवली होती. ती दुरुस्ती २००७ मध्ये झाली. तिने पूर्वसूचना सक्तीची केली आणि तपासणीसाठी २१० दिवसांची कमाल मुदत ठरवली. उद्योगसंघटनांनी आरडाओरड केली. इतका काळ सौदा लटकत राहिला तर तो मोडेल, असे त्यांचे म्हणणे होते.

मे २००९ मध्ये कायद्याचा संगनमत आणि वर्चस्वाचा गैरवापर यांविषयीचा भाग लागू झाला, सप्टेंबरमध्ये एमआरटीपी कायदा निरस्त झाला. विलीनीकरणाची कलमे मात्र आणखी दोन वर्षे थांबली. अखेर १ जून २०११ रोजी पाचवे आणि सहावे कलम लागू झाले. २७ सप्टेंबर १९९१ नंतर जवळजवळ वीस वर्षांनी रिकाम्या खुर्चीत कोणीतरी बसले. जुलै २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने पहिला आदेश दिला. तो भारती समूहाच्या विमा कंपन्यांतला हिस्सा रिलायन्सने घेण्याविषयीचा होता, आणि मंजुरीचाच होता.

तपासणी कशी होते

सौद्यातल्या कंपन्यांची मालमत्ता किंवा उलाढाल ठरावीक मर्यादेपलीकडे असेल, तर त्यांनी आयोगाला सौद्याआधी कळवायचे. आयोग तीसेक दिवसांत प्रथमदर्शनी मत बनवतो. काळजीचे कारण नसेल तर मंजुरी. असेल तर दुसरा टप्पा सुरू होतो. कंपन्यांना कारणे दाखवा नोटीस जाते, सौद्याचा तपशील जाहीर होतो आणि बाधित होणाऱ्या कोणालाही आयोगाकडे म्हणणे मांडता येते. काय पाहायचे हे कायद्याच्या २० व्या कलमात दिले आहे. त्यात चौदा बाबी आहेत, त्यांतल्या काही अशा: बाजारहिस्सा, नव्या स्पर्धकाला शिरताना येणाऱ्या अडचणी, आयातीची शक्यता, पर्यायी वस्तू, एखादा झुंजार स्पर्धक बाजारातून नाहीसा होतो आहे का, किंमत दीर्घकाळ वाढवता येईल का, आणि बुडत्या उद्योगाला हात मिळतो आहे का.

या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा २०१४ मध्ये झाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या सन फार्माने रॅनबॅक्सी घेण्याचे जाहीर केले. सौदा सुमारे ३.२ अब्ज डॉलरचा होता. दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेलेला आणि लोकांची मते मागवलेला हा पहिला सौदा. दोन्ही कंपन्यांचा एकत्रित हिस्सा साऱ्या औषधबाजाराच्या दहा टक्क्यांच्याही आत होता. वरवर पाहिले तर घाबरण्याजोगे काही नव्हते.

पण रुग्ण ‘औषधबाजार’ विकत घेत नाही. डॉक्टरने कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली असेल तर त्याऐवजी आम्लपित्ताची गोळी चालत नाही. म्हणून आयोगाने बाजाराची आखणी औषधाच्या रेणूपर्यंत, रेणूंच्या विशिष्ट मिश्रणापर्यंत नेली. एका अजस्र बाजाराऐवजी अनेक छोटे बाजार समोर आले, आणि त्यांतल्या काहींत या दोघांखेरीज फारसे कोणी नाही, हे दिसले. ५ डिसेंबर २०१४ च्या आदेशाने आयोगाने सौदा मंजूर केला, पण सात उत्पादने विकून टाकण्याच्या अटीवर. सनची टॅम्लेट, रॅनबॅक्सीची रोझुवास ईझेड, ओलानेक्स एफ, रॅसिपर एल ही त्यांतली काही. ती स्वतंत्र आणि सक्षम कंपनीलाच विकावीत, असेही बंधन होते. पुण्याच्या एमक्युअर कंपनीला आयोगाने खरेदीदार म्हणून मान्यता दिली आणि मार्च २०१५ मध्ये विलीनीकरण पुरे झाले.

टॉम्कोच्या वेळी साबणाच्या बाजाराची अशी चिरफाड कोणी केली नाही. अंघोळीचा साबण वेगळा, कपड्यांचा बार वेगळा, पावडर वेगळी, या प्रत्येकात कोणाचा किती वाटा, नवा कारखानदार किती दिवसांत उभा राहील, हे सारे विचारता आले असते. कदाचित उत्तर कंपन्यांच्या बाजूनेच आले असते. टॉम्को तोट्यात होती, निरमा आणि गोदरेज मैदानात होते. पण असे उत्तर पुराव्यानिशी मिळणे आणि प्रश्नच न विचारला जाणे, यांत फार अंतर आहे.

अटींची मर्यादा

आयोगाची प्रत्येक अट कागदावरून जमिनीवर सहज उतरते असे नाही. लाफार्ज आणि होल्सिम यांच्या जागतिक विलीनीकरणात आयोगाने मार्च २०१५ मध्ये पूर्व भारतातले जोजोबेरा आणि सोनाडीह हे दोन सिमेंट कारखाने विकण्याची अट घातली. हे कारखाने १९९९ मध्ये टाटांकडून लाफार्जकडे गेले होते. पण खाणींचे पट्टे नुसत्या कारखान्याबरोबर हस्तांतरित करण्यात कायद्याची अडचण आली आणि चुनखडीविना सिमेंट कारखान्याला किंमत नाही. शेवटी फेब्रुवारी २०१६ मध्ये आदेश बदलून लाफार्जचा अख्खा भारतीय सिमेंट व्यवसाय विकायला मान्यता द्यावी लागली. तो घेतला निरमाने.

कधी अटी अमलात येण्याआधी सौदाच मोडतो. झी आणि सोनी यांच्या विलीनीकरणाला आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बिग मॅजिक, झी अ‍ॅक्शन आणि झी क्लासिक या तीन वाहिन्या विकण्याच्या अटीवर हिरवा कंदील दाखवला. ते घडले असते तर झी मराठी आणि सोनी मराठी या दोन्ही वाहिन्या एकाच घरात आल्या असत्या. जानेवारी २०२४ मध्ये कंपन्यांच्या आपसांतल्या मतभेदांमुळेच तो सौदा मोडला.

खुर्ची भरलेली हवी

२०२३ च्या दुरुस्तीने तपासणीची मुदत २१० वरून १५० दिवसांवर आणली. मालमत्ता आणि उलाढाल कमी, पण सौद्याची किंमत प्रचंड, अशा डिजिटल कंपन्या पूर्वी जाळ्यातून निसटत. सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटी रुपयांहून मोठे आणि भारतात भरीव व्यवसाय असलेले सौदेही तपासणीत आले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळखोर हिंदुस्थान नॅशनल ग्लास कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले की आयोगाची मंजुरी धनकोंच्या मतदानाच्या आधीच हवी.

कायद्याचे पाते असे धारदार होत गेले, पण ते धरणारा हात कधीकधी जागेवरच नसतो. अध्यक्षासह सातांपर्यंतचा आयोग २०१८ मध्ये सरकारने चौघांवर आणला. गणसंख्या तीन. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष निवृत्त झाले आणि दोनच सदस्य उरले. नवी नेमणूक व्हायला मे २०२३ उजाडले. मधल्या काळात निर्णय अडले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘अपरिहार्यतेच्या तत्त्वा’चा आधार घेऊन दोघांनाच विलीनीकरणे मंजूर करावी लागली. १९९१ मध्ये जी पोकळी कायदा पुसून निर्माण झाली, ती केवळ नेमणूक लांबवूनही निर्माण होऊ शकते.

म्हणून दोन गोष्टी आग्रहाने मागायला हव्यात. पहिली सरकारकडे: आयोगातली जागा रिकामी होण्याआधीच तिची नेमणूक झालेली असावी. दुसरी आपल्याकडे: दुसऱ्या टप्प्यात सौद्याचा तपशील प्रसिद्ध होतो तेव्हा आपले म्हणणे लिहून पाठवण्याचा हक्क ग्राहकाला, किरकोळ दुकानदाराला, डॉक्टरला आणि छोट्या कारखानदाराला आहे. तो वापरण्यासाठी जेमतेम दहा दिवस मिळतात. बाजार आतून ओळखणारी हीच माणसे. महाराष्ट्रातल्या ग्राहक संघटनांनी, औषधविक्रेत्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मंडळांनी ही जाहिरात आली की ती वाचावी आणि लेखी उत्तर द्यावे. टॉम्कोच्या वेळी तशी सोय नव्हती. आज ती आहे.